कणीक मळणाऱ्या यंत्राचा जबाब

मित्रांनो, मी एक जुने, कणीक मळणारे यंत्र आहे. आयोवातल्या केंडल ग्रोव्ह या गावी, विद्यापीठाच्या भोजनगृहात, खिडकीपासून तिसऱ्या खांबाशी मी उभी आहे. माझ्याविषयी एकदा एका कागदावर अशा अर्थाचे लिहिले गेले होते, 'यंत्र निर्दोष. चूक बाईची.' त्यातले पहिले वाक्य खोटे होते आणि दुसरेही खोटे होते. तेव्हा मला कोणी काही विचारले नाही. म्हणून आज मी होऊन सांगते आहे. कोणाला राग आला तर येऊ दे.

माझा जन्म ओहायोतल्या एका ओतशाळेत झाला. वितळलेले बीड साच्यात ओतून माझे अंग घडवले, घासूनपुसून त्यावर पांढरा रंग दिला. पुढ्यात पोलादाचे मोठे भांडे आणि वरून त्यात उतरणारा जाडजूड आकडा. हा आकडा फिरू लागला की चाळीस किलो कणीक अर्ध्या तासात लोण्यासारखी मऊ होते. १९५३ साली मी मालगाडीने इथे आले. दारातून आत मावेना, म्हणून स्वयंपाकघराची भिंत फोडावी लागली. गवंडी दिवसभर मला शिव्या देत होता. मी मात्र ऐटीत आत आले.

केंडल ग्रोव्ह म्हणजे खरे तर दोन गावे. ऑगस्टच्या अखेरीला गाड्यांच्या टपावर गाद्या बांधून विद्यार्थी येतात, आणि बारा हजारांची वस्ती सव्वीस हजारांची होते. मे महिन्यात ते जातात. जाताना सोफे, टेबलावरचे दिवे, अर्ध्या संपलेल्या लोणच्याच्या बरण्या रस्त्याच्या कडेला ठेवून जातात. मग तीन महिने गाव पुन्हा गावकऱ्यांचे. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे पाहावे लागत नाही, आणि फुटबॉलच्या मैदानापलीकडे मका वाढत असतो. दक्षिणेकडून वारा सुटला की डुकरांच्या गोठ्यांचा वास थेट ग्रंथालयात शिरतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. या गावात दुसरा कारखाना नाही. कोणाचा बाप विद्यापीठाच्या बॉयलरवर, कोणाची आई विद्यापीठाच्या धुलाईघरात, तर कोणाची सून तिथल्या टपालखिडकीवर. त्यामुळे विद्यापीठाविरुद्ध इथे कोणी मोठ्याने बोलत नाही. बोलायचेच झाले तर न्हाव्याच्या दुकानात, तेही दार लोटून घेऊन.

वर्ला डोस्टल माझ्याकडे आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. रुंद मनगटांची, मोठ्या आवाजाची मुलगी. तिच्या आजीने बोहेमियातून येताना गोड पावाची कृती डोक्यात आणली होती, आणि ती वर्लाच्या हातात उतरली होती. पहिल्या दिवशी माझा आकडा घरघरत फिरू लागला तशी ती दोन पावले मागे सरली. दुसऱ्या दिवशी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "चल गं जाडे, कामाला लाग." तेव्हापासून मी तिची जाडी झाले. इतक्या वर्षांत तिने मला एकदाही दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

आमचा मोठा दिवस बुधवार. बुधवारी खिमा आणि राजम्याची तिखट चिली असे, आणि तिच्याशेजारी ताटात दालचिनीचा रोल, तळहाताएवढा, वरून साखरेचा पाक ओघळणारा. आमच्या भागात शाळेपासून ही जोडी चालत आलेली आहे. बाहेरगावची मुले मात्र पहिल्या बुधवारी हसायची.

"तिखटाबरोबर गोड? हे काय जेवण झालं?" शिकागोचा एक मुलगा म्हणाला होता.

"पहिला घास घे, मग हस," वर्ला म्हणाली.

तो मुलगा ऑक्टोबरात रोल चिलीत बुडवून खात होता आणि दुसरा मागत होता.

कोणी नाक दाबून "ई, कसला वास येतोय बाहेरून!" म्हणाले तर तिचे उत्तर ठरलेले, "बेकनचा. डुक्कर तव्यावर पडायच्या आधी त्याला असाच वास येतो." बोलताना तिचे हात थांबत नसत. एका वर्षी विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राने आम्हा दोघींचे छायाचित्र छापले. माझ्या नावाखाली लिहिले होते, 'विद्यापीठातील सर्वांत ज्येष्ठ प्राध्यापिका.' ते पान वर्लाने पिठाच्या कोठीच्या दारावर चिकटवले.

आता जाळीविषयी सांगते. माझ्या जमान्यातल्या यंत्रांना जाळी नसायची. भांडे उघडे आणि आकडा उघडा. दुरुस्ती खात्यातल्या मर्ल हॉगनला ते बघवेना. हा मर्ल म्हणजे वर्लाचा शेजारी. तिचा नवरा गेल्यापासून हिवाळ्यात तिच्या दारातला बर्फ तोच ढकलून द्यायचा. त्याने कुंपणाची तार वाकवून माझ्या भांड्यावर बसेल अशी एक जाळी स्वतः तयार केली. दिसायला ओबडधोबड, पण दहा-अकरा वर्षे तिने कोणाचे बोट माझ्या आकड्यापर्यंत पोचू दिले नाही.

मग ऑस्ट्रँडर साहेब भोजनगृहाचे संचालक होऊन आले. टापटीप माणूस. पहिल्याच आठवड्यात त्यांनी जाळीवरून बोट फिरवले.

"गंज आहे. पिठात पडेल. काढून टाका, नवी मागवू."

गंज होता. मी नाकारत नाही. जाळी काढली ती त्याच दिवशी. नवी मात्र आली नाही.

वर्लाने दुरुस्तीची पिवळी चिठ्ठी भरली, 'यंत्राला जाळी हवी.' वसंतात एक, शरद ऋतूत दुसरी, नव्या वर्षात तिसरी. तिन्ही मर्लच्या खोलीबाहेरच्या पेटीत टाकल्या. उत्तर नाही. दरम्यान साहेबांनी पाळीतली माणसे कमी केली. ऑर्फा नावाची थोराड बाई पंधरा वर्षे वर्लाच्या जोडीला कणीक लाटत होती. तिला भांडी घासायला पाठवले. राहिल्या दोघीच, पाळीप्रमुख वर्ला आणि फावल्या वेळात काम करणारी सिग्नी ब्रँडवोल्ड.

सिग्नी मिनेसोटाच्या एका दूधवाल्याची मुलगी. शिकत होती मातीचे शास्त्र. यंत्रांची तिला भीती नव्हती, आणि पहाटे उठायचे तर तिला लहानपणापासून वळण होते. फेब्रुवारीतल्या त्या बुधवारी ती गोठलेल्या रस्त्यावरून घसरत साडेपाचला आली, हात धुतले, आणि आम्ही कामाला लागलो. साडेसहाच्या सुमारास वरून निरोप आला, "मिसेस डोस्टलना साहेबांनी बोलावलंय. पाहुण्यांच्या नाश्त्याची यादी ठरवायची आहे."

"यंत्र चालू आहे. दहा मिनिटांत आले म्हणावं."

"आत्ताच्या आत्ता या म्हणाले."

वर्लाने ॲप्रनला हात पुसले. "सिग्नी, कणीक आकड्यावर चढायला लागली की आधी बटण बंद कर. मगच हात लाव. ऐकलंस?"

"ऐकलं."

वर्ला गेली. कणीक आकड्यावर चढू लागली. थंडीच्या दिवसांत ती चढतेच. सिग्नीने घड्याळ पाहिले. तीन तबके मागे होती, आणि मला थांबवून पुन्हा सुरू करायचे म्हणजे आणखी वेळ. तिने लाकडी उलथण्याने कणीक खाली लोटली. एकदा लोटली, दोनदा लोटली. तिसऱ्यांदा उलथणे घसरले आणि तिची बाही आकड्यात गेली.

मित्रांनो, मला स्वतःहून थांबता येत नाही. हे वाक्य जरा सावकाश वाचा. मला तिचा हात कळला. कणकेहून वेगळे काहीतरी आकड्याला लागले, हे मला कळले, आणि तरीही मी फिरत राहिले, कारण मी तशीच घडवली गेले आहे. ऑर्फा हातातले पातेले टाकून धावली. तिने बटण दाबले. ओरडणे ऐकून वर्ला जिना उतरून आली तेव्हा सिग्नी जमिनीवर बसली होती, चेहरा पांढराफटक, आणि म्हणत होती, "कणीक फुकट गेली हो, मिसेस डोस्टल. सगळी कणीक फुकट गेली."

डाव्या हाताची दोन बोटे मोडली होती. त्या बुधवारी ताटात चिली एकटीच होती.

चार दिवसांनी साहेबांनी वर्लापुढे एक कागद ठेवला. माझ्याच शेजारच्या टेबलावर ठेवला, म्हणून मला ठाऊक. 'यंत्र निर्दोष. दुर्घटना पाळीप्रमुखाच्या निष्काळजीपणामुळे झाली.' खाली सहीसाठी रेघ.

"सही केलीत की विषय मिटला," साहेब म्हणाले. "लेखी समज मिळेल, बाकी काही नाही. नोकरीला धक्का लागणार नाही."

"आणि नाही केली तर?"

"तर चौकशी होईल. तोवर घरी बसावं लागेल. विचार करा, वर्ला."

"म्हणजे खोटं लिहून दिलं तर नोकरी राहते, आणि खरं बोलले तर जाते."

"असं कोणी म्हटलेलं नाही."

"मग काय म्हटलंय ते मोठ्यानं वाचा की. ऑर्फाला पण ऐकू दे."

साहेबांनी वाचले नाही. वर्लाने ॲप्रन काढला, घडी करून माझ्या पाठीवर ठेवला, आणि ती घरी गेली. गावात दोन दिवसांत सगळ्यांना कळले. भाजीच्या दुकानात बायका तिचा हात दाबायच्या आणि कुजबुजायच्या, "कर गं सही. आपल्याला इथंच राहायचंय." वर्लाचे उत्तर ऑर्फाने मला भांडी घासता घासता ऐकवले. ती म्हणाली होती, "म्हणूनच तर करत नाही."

चौकशी माझ्यासमोर झाली. विमा कंपनीची एक बाई डोक्यावर लोकरी टोपी आणि हातात वही घेऊन आली. साहेब होते. मर्ल हत्यारांची पेटी घेऊन आला होता, मला चालवून दाखवायला. वर्ला स्वतःच्या कोटात, पाहुणीसारखी दाराशी उभी. ऑर्फाला कोणी थांबायला सांगितले नव्हते. ती मुद्दाम पातेली आपटत होती.

विमावाल्या बाईने विचारले, "या यंत्राबद्दल आधी कोणी तक्रार केली होती?"

"माझ्यापर्यंत आली नाही," साहेब म्हणाले. "मर्ल, तुझ्याकडे?"

मर्लने टोपी काढली, पुन्हा घातली. "आठवत नाही."

ऑर्फाचे पातेले थांबले. वर्ला त्याच्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे, नवल वाटल्यासारखी.

"मर्ल, गेल्या गुरुवारी माझ्या दारातला बर्फ काढलास. आठवतं?"

"आठवतं."

"माझ्या नवऱ्याची शवपेटी उचलायला पुढं झाला होतास. ते?"

"हो."

"मग तीन चिठ्ठ्याच कशा आठवत नाहीत रे तुला?"

साहेब घाईने म्हणाले, "यंत्र चालू करा. बाईंना बघायचंय." मर्लने बटण दाबले. रिकाम्या भांड्यात माझा आकडा फिरू लागला. कणीक नसली की मी जास्तच वेगाने फिरते, आणि त्या दिवशी तर, खरे सांगते, मला फिरायचेच होते.

वर्लाने घडी केलेला ॲप्रन उचलला आणि साहेबांपुढे धरला.

"घ्या. घाला."

"याची काही गरज नाही."

"आहे की. यंत्र निर्दोष आहे ना? तुमच्याच कागदावर लिहिलंय. या, सिग्नी उभी होती तिथं उभे राहा. कणीक चढलीय असं समजा. वरून हात घाला आणि खाली लोटा." तिने त्यांच्या गळ्याकडे बोट दाखवले. "आधी तो टाय काढा तेवढा. मानच ओढून घेईल ती."

साहेबांनी एक पाऊल पुढे टाकले. मग माझ्या आकड्याकडे पाहिले. त्यांचा हात आपोआप टायवर गेला, आणि ते मागे सरले. विमावाल्या बाईने वहीत काहीतरी लिहिले.

तेवढ्यात मागच्या दाराने सिग्नी आली. हाताला प्लास्टर, केसांत बर्फ.

"तुला बोलावलं नव्हतं," साहेब म्हणाले.

"रस्ता माहीत होता मला, सर. दीड वर्ष रोज येतेय." ती विमावाल्या बाईकडे वळली. "मिसेस डोस्टल मला सांगून गेल्या होत्या, आधी बटण बंद कर म्हणून. मी केलं नाही. चूक माझी झाली, ते लिहून घ्या. पण हेही लिहा, की तिघींचं काम एकटीवर होतं. आणि त्यांना वर बोलावलं नसतं तर त्या हलल्या नसत्या."

"म्हणजे चूक झाली हे तू मान्य करतेस?" साहेबांना धीर आला होता.

"माणसं चुकतातच, साहेब," मर्ल म्हणाला. "म्हणून तर जाळी लावायची असते."

त्याचा आवाज एवढा हळू होता, की साहेबांना पुन्हा विचारावे लागले. मर्लने माझे बटण बंद केले. माझा आकडा घरघरत थांबेपर्यंत तो वाट पाहत राहिला.

"तीन चिठ्ठ्या आल्या होत्या. तिन्ही माझ्या खणात आहेत. पहिली आली तेव्हा मी वर विचारलं. मला सांगितलं, पुढच्या वर्षी बघू. मग मी पुढच्या दोन विचारल्यासुद्धा नाहीत. खणात टाकल्या आणि खण लावला." त्याने वर्लाकडे पाहिले नाही. "पेन्शनला तीन वर्षं राहिलीत माझ्या. तेवढी मान खाली घालून काढावी म्हटलं."

मग त्याने पेटीतून एक लाल पाटी काढली. धोकादायक यंत्राला अशी पाटी लावायचा अधिकार दुरुस्ती खात्यातल्या मोजक्या लोकांना असतो, आणि ज्याने लावली त्याच्याशिवाय ती कोणाला काढता येत नाही. मर्लला तो अधिकार सगळी वर्षे होता. त्याने माझी वायर भिंतीतून उपसली, तिच्या टोकाला कुलूप घातले आणि त्यात पाटी अडकवली.

"जाळी येईपर्यंत ही चालणार नाही."

"उद्या बुधवार आहे, मर्ल!" साहेब म्हणाले.

"कॅलेंडर आहे माझ्याकडे," मर्ल म्हणाला. ऑर्फा एवढ्या मोठ्याने हसली, की विमावाल्या बाईलाही हसू आवरेना.

मी अकरा दिवस बंद होते. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत मानाचे दिवस. साहेबांनी बाहेरून पाव आणवला, तोही मुलांनी खाल्ला. पण जेवणाच्या रांगेत येणारा प्रत्येक जण विचारू लागला, की रोल का नाहीत, आणि ऑर्फा प्रत्येकाला सविस्तर सांगू लागली. ती भांड्यांपाशी असायची खरी, पण तिचा आवाज रांगेच्या शेवटापर्यंत पोचत होता. गावातही न्हाव्याच्या दुकानाचे दार त्या आठवड्यात उघडे राहिले असे म्हणतात.

बाराव्या दिवशी जाळी आली. चकचकीत पोलादाची. ती नीट बसली नाही तर माझी मोटर चालूच होत नाही, अशी तिची रचना आहे. मर्लने ती स्वतः बसवली, तीनदा उघडून बंद करून पाहिली, आणि मगच कुलूप काढले. जुना कागद फाडला गेला. नव्या कागदावर लिहिले होते, 'यंत्रास संरक्षक जाळी नव्हती. मागणी वेळोवेळी केली होती.' त्याची प्रत मिळेपर्यंत वर्ला कामावर आली नाही. आली तेव्हा माझ्या पाठीवर थाप मारली आणि मर्लकडे वळून म्हणाली, "बर्फ पडलाय बरं का." तो दुसऱ्या दिवशी येऊन तिच्या दारातला बर्फ काढून गेला. याहून जास्त त्या दोघांत काही बोलणे झाले नाही.

सगळे गोड झाले असे मी सांगणार नाही. मर्लला उरलेली तीन वर्षे बॉयलरघरात काढावी लागली. साहेब दोन वर्षांनी मोठ्या विद्यापीठात गेले, बढतीवर. सिग्नीची करंगळी पुन्हा वाकली नाही. पदवी घेऊन तीही इतरांसारखीच मे महिन्यात निघून गेली. निरोप घ्यायला आली तेव्हा वर्लाने तिला रोलची कृती कागदावर लिहून दिली. ती कृती तिने तोवर कोणालाच दिली नव्हती, ऑर्फालासुद्धा नाही. ऑर्फा त्यावरून महिनाभर रुसली. वर्ला पुढे नऊ वर्षे माझ्यापाशी उभी राहिली, आणि त्या नऊ वर्षांत माझ्या आकड्याने कणकेखेरीज कशाला स्पर्श केला नाही.

आता माझा रंग उडाला आहे. नवे संचालक मला 'जागा अडवणारी' म्हणतात. म्हणू देत. मला तेल घाला, पुसा, जपा, अशी विनवणी मी करणार नाही. यंत्राला जपणारे पुष्कळ असतात. मित्रांनो, यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला जपा. उद्या तुम्ही मोठे व्हाल, आणि कोणीतरी तुमच्यापुढे कागद ठेवून म्हणेल, "चूक हिचीच होती, इथे सही करा." तेव्हा आधी विचारा, जाळी कुठे होती? उत्तर मिळेपर्यंत जागचे हलू नका. मला न हलणे सोपे आहे, मी सहाशे किलोंची आहे. वर्ला डोस्टल माझ्या आठव्या हिश्श्याचीही नव्हती. ती हलली नाही.